डिझेल ट्रॅक्टर पुलिंग: इंजिनाचे फेरे मोजावेत कसे आणि त्या आकड्यावर विश्वास कधी ठेवावा

ट्रॅक्टर पुलिंग म्हणजे वजनाची पेटी असलेला स्लेड (घसरगाडा) ट्रॅक्टरने जास्तीत जास्त लांब ओढण्याची स्पर्धा. अशा एका स्पर्धेत, इंजिनाच्या दर मिनिटाच्या फेऱ्यांना २,६०० ची मर्यादा असलेल्या वर्गात, मी ट्रॅक्टर उतरवला होता. माझ्या डायलवर २,५८५ दिसत होते, तपासणी अधिकाऱ्याच्या हातातील यंत्रावर मात्र २,८०० उमटले आणि माझी ओढ बाद ठरली. मी बराच वेळ हुज्जत घातली. संध्याकाळी बॉनेट उघडून बसलो तेव्हा चूक सापडली आणि ती सर्वस्वी माझीच होती. महिनाभरापूर्वी मी अल्टरनेटर बदलला होता. जुन्याची पुली ६० मिलिमीटर व्यासाची होती, नव्याची ६५. माझा टॅकोमीटर अल्टरनेटरवरूनच फेरे मोजत होता, त्यामुळे पुली मोठी झाल्याबरोबर अल्टरनेटर हळू फिरू लागला आणि डायल खरा आकडा भागिले ६५ गुणिले ६० असा आकडा दाखवू लागला. २,८०० चे २,५८५ होतात ते असे.

पहिल्यांदाच स्पर्धेत उतरणाऱ्यांची अशी फजिती होऊ नये म्हणून हे टिपण लिहिले आहे. टॅकोमीटर विकत घेणे हा यातला सर्वांत सोपा भाग आहे. तो आकडा कोणत्या फिरत्या भागावरून येतो हे समजून घेणे, तो दुसऱ्या मार्गाने पडताळणे आणि ओढ संपल्यावर नोंद वाचता येणे, यांना वेळ लागतो.

१. आधी चार आकडे कागदावर लिहा

पेट्रोल इंजिनात स्पार्क प्लगकडे जाणारा प्रवाह मोजला की फेरे कळतात. डिझेल इंजिनात ठिणगीच नसल्यामुळे ही सोय नाही आणि बाजारातले अनेक स्वस्त टॅकोमीटर डिझेलवर निरुपयोगी ठरतात ते याच कारणाने. खरेदीला निघण्यापूर्वी पुढील चार आकडे वहीत उतरवून घ्यावेत.

पहिला आकडा रेटेड फेऱ्यांचा, म्हणजे ज्या फेऱ्यांवर निर्मात्याने इंजिनाची शक्ती जाहीर केली आहे. दुसरा आकडा बिनलोड कमाल फेऱ्यांचा, ज्याला हाय आयडल म्हणतात. यांत्रिक गव्हर्नर (वेग राखण्यासाठी डिझेल कमी-जास्त करणारी यंत्रणा) असलेल्या इंजिनात हे दोन आकडे कधीच सारखे नसतात. लोड आला की इंजिन थोडे दबते, गव्हर्नर डिझेल वाढवतो, आणि या दबण्याच्या पट्ट्यालाच ड्रूप म्हणतात. रेटेड २,२०० असलेले इंजिन बिनलोड २,३८० च्या आसपास फिरत असेल तर त्यात काही बिघाड नाही, तो सुमारे आठ टक्क्यांचा ड्रूप आहे.

तिसरा आकडा तुमच्या वर्गाच्या मर्यादेचा. अमेरिकेत १९६९ पासून नॅशनल ट्रॅक्टर पुलर्स असोसिएशन आणि युरोपात युरोपियन ट्रॅक्टर पुलिंग कमिटी यांच्या नियमावल्या चालतात. मात्र साध्या शेती-ट्रॅक्टरांच्या वर्गात, जिथे फेऱ्यांची मर्यादा सर्वाधिक आढळते, तिथे बहुधा स्थानिक क्लबाचा नियम लागू असतो. तो वाचताना एकच गोष्ट बारकाईने पाहावी: मर्यादा बिनलोड फेऱ्यांना आहे की ओढीदरम्यान कोणत्याही क्षणी गाठलेल्या शिखराला आहे. या दोन नियमांत फार मोठा फरक पडतो.

चौथा आकडा इंजिनाच्या सोसण्याचा, आणि तो कोणत्याही नियमावलीत सापडत नाही. त्याचा अंदाज पिस्टनच्या सरासरी वेगावरून बांधता येतो. स्ट्रोक मीटरमध्ये घ्यावा, त्याला दोनने आणि फेऱ्यांनी गुणून ६० ने भागावे. १२८ मिलिमीटर स्ट्रोकचे इंजिन २,४०० फेऱ्यांवर असताना पिस्टन सेकंदाला सुमारे १०.२ मीटर धावतो आणि ३,६०० वर सुमारे १५.४ मीटर. वेग दीडपट झाला तरी कनेक्टिंग रॉड आणि त्याचे बोल्ट यांच्यावर पडणारा जडत्वाचा ताण सव्वादोनपट होतो, कारण तो फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. मूळ रॉड आणि मूळ व्हॉल्व्ह स्प्रिंग ठेवून केवळ गव्हर्नरचा स्क्रू फिरवणाऱ्याने हे गणित निदान एकदा तरी करून पाहावे.

२. संकेत कुठून घ्यायचा ते ठरवा

या निवडीवर पुढचे सगळे अवलंबून असल्यामुळे इथे थोडे सविस्तर लिहितो.

अल्टरनेटरच्या डब्ल्यू टर्मिनलवरून (फेऱ्यांनुसार स्पंद देणाऱ्या टोकावरून) संकेत घेणे सर्वांत सोपे असते, कारण एकच वायर ओढावी लागते. १२ पोलांचा अल्टरनेटर स्वतःच्या एका फेऱ्यात सहा स्पंद देतो. क्रँक पुली १८० आणि अल्टरनेटर पुली ६० मिलिमीटरची असेल तर इंजिनाच्या एका फेऱ्यात १८ स्पंद मिळतात. धोका कुठे आहे ते वर सांगितलेच. पुली बदलली, पट्टा झिजून खोल बसू लागला किंवा ताण कमी होऊन घसरला, की आकडा बदलतो. घसरणारा पट्टा आकडा नेहमी कमीच दाखवतो. इंजिन २,८०० वर असताना २,६०० दाखवणारे मीटर तुम्हाला निश्चिंत करून फसवते. रोजच्या शेतकामाला ही पद्धत चालते, स्पर्धेसाठी मी ती कोणालाही सुचवणार नाही. शिवाय वजन आणि इंजिनावरचा भार वाचवण्यासाठी अनेक जण स्पर्धेच्या ट्रॅक्टरवरून अल्टरनेटरच काढून टाकतात.

जुन्या ट्रॅक्टरांत मूळ मीटर केबलने चालते. ही केबल बहुधा अर्ध्या वेगाने फिरणाऱ्या भागावरून, म्हणजे कॅमशाफ्ट किंवा डिझेल पंपाच्या बाजूने निघते. केबल सुकली की काटा थरथरू लागतो आणि थरथरणाऱ्या काट्यावरचा आकडा वाचणे म्हणजे निव्वळ अंदाज. त्यातच जोडलेला तास-मोजणीचा आकडासुद्धा खरे घड्याळी तास दाखवत नाही. तो एका ठरावीक वेगाला धरून फेऱ्यांचे तास करतो, म्हणून सतत कमी वेगावर चाललेल्या ट्रॅक्टरचे तास प्रत्यक्षाहून कमी दिसतात. जुना ट्रॅक्टर घेताना हे ध्यानात ठेवावे.

हाय प्रेशर पाइपवर चिमट्यासारखा बसणारा पायझो सेन्सर तात्पुरत्या मोजणीसाठी उपयोगी आहे. डिझेलचा दाब आला की पाइप किंचित फुगतो आणि तेवढा फुगवटा त्याला पुरतो. फोर-स्ट्रोक इंजिनात एका सिलिंडरला दोन फेऱ्यांत एकदाच डिझेल मिळते, ही गोष्ट मीटरला सांगावी लागते. सांगायची राहिली तर आकडा निम्मा येतो. याउलट, पाइपमधून परतणाऱ्या दाबाच्या लाटेमुळे कधी कधी एका फवारणीचे दोन स्पंद मोजले जातात आणि आकडा दुप्पट होतो. पाइपावरचा रंग खरवडून, सरळ भागावर, पाइपाच्या व्यासाचाच चिमटा लावावा. कॉमन रेल इंजिनावर ही पद्धत चालत नाही, कारण तिथल्या पाइपांत दाब कायम असतो आणि एकाच वेळच्या दहनासाठी अनेक छोटे फवारे होतात.

संगणक-नियंत्रित नव्या इंजिनात जे१९३९ या मानकाच्या जाळ्यावर इंजिनाचा वेग सतत प्रसारित होत असतो, तोही एका फेऱ्याच्या आठव्या भागापर्यंत बारीक. निदान-सॉकेटवरून तो फक्त ऐकणारा लॉगर (आकडे साठवून ठेवणारे यंत्र) जोडला की काम झाले. नवा सेन्सर बसवायची गरज उरत नाही. मात्र ईसीयूच्या (इंजिनाच्या संगणकाच्या) प्रोग्रामात फेरफार केलेला असेल तर काही अधिकारी हा आकडा ग्राह्य धरत नाहीत आणि त्यांचे तसे करणे मला रास्त वाटते.

उरतात दोन पर्याय आणि स्पर्धेसाठी माझी पसंती त्यांनाच आहे: फ्लायव्हीलच्या रिंग गिअरचे दात मोजणारा चुंबकीय पिकअप, किंवा क्रँक पुलीवर चुंबक लावून त्याच्यासमोर हॉल सेन्सर (चुंबक समोरून गेला की स्पंद देणारा). दोन्ही थेट क्रँकशाफ्टवरून मोजतात, मध्ये पट्टा येत नाही. रिंग गिअरवरून एका फेऱ्यात शंभराहून अधिक स्पंद मिळत असल्यामुळे नोंद अतिशय बारीक येते. बेलहाउसिंगला आधीपासून पिकअपचे भोक असेल तर हाच मार्ग घ्यावा. नसेल तर भोक पाडण्यापूर्वी थांबावे. फ्लायव्हील किंवा क्लच फुटल्यास तुकडे अडवण्यासाठी ज्या वर्गात प्रमाणित हाउसिंग किंवा संरक्षक आवरण सक्तीचे असते, तिथे त्यात मनाने भोक पाडणे नियमात बसत नाही आणि शहाणपणातही बसत नाही. अशा वेळी क्रँक पुली आणि हॉल सेन्सर.

३. साहित्य आणि कागदपत्रे जमवा

कागदांमध्ये वर्गाची चालू वर्षाची नियमावली, इंजिनाची माहितीपुस्तिका, डिझेल पंप बेंचवर तपासून घेतला असेल तर त्याचा कॅलिब्रेशनचा कागद आणि लॉगरची जोडणी-आकृती एवढे पुरे. साहित्यात फिलर गेज, व्हर्नियर, फ्रिक्वेन्सी मोजणारा मल्टिमीटर, परावर्तक पट्टीसह हातात धरायचा ऑप्टिकल टॅकोमीटर, शील्ड असलेली दोन पिळदार तारांची केबल, उष्णतारोधक नळी, थ्रेड-लॉक आणि पांढरा रंग लागतो. ऑप्टिकल टॅकोमीटर उसना मिळाला तरी चालेल, पण त्याच्याशिवाय पुढे जाऊ नये. सहाव्या पायरीला तो लागतोच.

४. सेन्सर बसवा

चुंबकीय पिकअप बसवताना इंजिन बंद ठेवून बॅटरी सोडवावी. मग इंजिन हाताने फिरवत भोकासमोर दाताचा माथा आणावा. समोर दोन दातांमधली खाच असताना पिकअप टेकेपर्यंत आवळला तर इंजिन फिरताच दात त्याचे तोंड छाटून टाकतो. मी असा एक पिकअप गमावला आहे. स्टार्टर मारला, ‘टक्’ असा बारीक आवाज आला, आणि काढून पाहिले तर टोक नव्या पेन्सिलीसारखे तासलेले. माथा समोर आला की पिकअप बोटांनी हलकेच टेकवावा आणि अर्धा फेरा मागे घ्यावा. १.५ मिलिमीटर पिचच्या आट्यावर अर्ध्या फेऱ्याने पाऊण मिलिमीटर फट मिळते आणि एवढी फट बहुतेक पिकअपना मानवते. नंतर लॉकनट आवळून इंजिन हाताने पूर्ण दोन फेरे फिरवावे. कुठेही घासल्याचे जाणवले तर रिंग गिअर लंगडत फिरते आहे असे समजावे.

रिंग गिअरच्या दातांची अवस्थाही याच वेळी पाहून घ्यावी. इंजिन बंद होताना काँप्रेशनमुळे ठरावीक जागीच थांबते, चार सिलिंडरचे दोन जागी आणि सहा सिलिंडरचे तीन जागी. स्टार्टरचा पिनियन दर वेळी त्याच दातांवर आदळतो, त्यामुळे तेवढेच दात खाल्लेले असतात. फार झिजलेल्या दातांवर स्पंद चुकतात आणि नोंदीत प्रत्येक फेऱ्याला खोटा खड्डा दिसतो. ही नोंद पाहून पंपवाल्याला दोष देणारे मी पाहिले आहेत.

हॉल सेन्सरच्या बाबतीत चुंबक सुटून उडणे ही मुख्य भीती असते. नुसत्या गोंदावर चिकटवलेला चुंबक २,५०० फेऱ्यांवर पुलीच्या कडेला फार काळ टिकत नाही. पोकळ डोक्याच्या बोल्टमध्ये बसवलेले किंवा पितळी अगर ॲल्युमिनियमच्या चकतीत मागून दाबलेले चुंबक घ्यावेत. रबर असलेल्या डॅम्परच्या बाहेरच्या कड्याला भोक पाडू नये, तोल बिघडतो. चकती मधल्या हबच्या बोल्टांखाली लावावी. बहुतेक हॉल सेन्सर चुंबकाच्या एकाच ध्रुवाला प्रतिसाद देतात, म्हणून बसवण्यापूर्वी प्रत्येक चुंबक सेन्सरसमोर धरून योग्य बाजूला रंगाचा ठिपका द्यावा. चुंबक किती लावायचे? तोल राहावा म्हणून किमान दोन, आणि नोंद बारीक हवी असेल तर चार. मात्र अंतरे तंतोतंत सारखी हवीत, नाहीतर वेग स्थिर असतानाही आलेख करवतीच्या दात्यांसारखा दिसतो.

वायरिंगचे नियम थोडे आहेत आणि ते मोडणारे पुष्कळ आहेत. सेन्सरची केबल स्टार्टरच्या जाड केबलबरोबर एकाच गुंडाळीत बांधू नये. शील्ड एकाच टोकाला, लॉगरच्या बाजूला अर्थ करावी. लॉगरचा अर्थ थेट बॅटरीच्या ऋण टोकावर न्यावा, रंगवलेल्या पत्र्यावर नको. टर्बो आणि एक्झॉस्टपासून केबल लांब ठेवावी. आणखी एक: स्टार्टर मारताना बॅटरीचा व्होल्टेज कोसळतो आणि काही लॉगर त्या क्षणी बंद होऊन पुन्हा सुरू होतात. तुमचा लॉगर तसा असेल तर त्याला छोटी वेगळी बॅटरी द्यावी.

५. मीटरला योग्य गुणक द्या

मीटर फक्त स्पंद मोजते. एका फेऱ्याचे स्पंद किती, हे तुम्ही सांगायचे. रिंग गिअरचे दात पुस्तिकेतून घेऊ नयेत, मोजावेत. एका दाताला पांढरा रंग लावून, तपासणीच्या झरोक्यातून इंजिन हाताने फिरवत दोनदा मोजावे आणि दोन्ही वेळचा आकडा जुळेपर्यंत थांबू नये. १२९ च्या जागी १२६ भरले गेले तर मीटर २,५०० ला सुमारे २,५६० दाखवेल. चूक इतकी छोटी की डोळ्यांना खटकणार नाही, आणि इतकी मोठी की ओढ बाद ठरवेल.

गुणक भरल्यावर मल्टिमीटर फ्रिक्वेन्सीवर ठेवून ताळा घ्यावा. स्पंद गुणिले फेरे भागिले ६० म्हणजे हर्ट्झ. १२९ दात आणि २,५०० फेरे असतील तर ५,३७५ हर्ट्झ यायला हवेत. एवढी फ्रिक्वेन्सी मीटरच्या कमाल क्षमतेत बसते का, हे खरेदीपूर्वीच पाहावे.

आकडा गुळगुळीत करणारी सेटिंग नवख्यांना हमखास फसवते. काटा स्थिर दिसावा म्हणून बरीच मीटरे मागच्या अर्ध्या-एक सेकंदाची सरासरी दाखवतात. शेतात ते ठीक, स्पर्धेत नाही, कारण उसळी त्या सरासरीत बुडून जाते. पण सरासरी पूर्ण बंद करणेही चुकीचे ठरते. चार सिलिंडरचे फोर-स्ट्रोक इंजिन एका फेऱ्यात दोनदा पेटते आणि प्रत्येक दहनाबरोबर क्रँकचा वेग किंचित कमी-जास्त होतो, त्यामुळे अगदी कच्ची नोंद केसाळ दिसते. दोन पूर्ण फेऱ्यांची, म्हणजे एका संपूर्ण चक्राची सरासरी मला सर्वांत उपयोगी वाटली आहे.

नोंदीचा वेगही इथेच ठरवावा. दर सेकंदाला एकच नोंद घेणारा लॉगर वीस सेकंदांच्या ओढीचे वीस ठिपके देईल आणि त्यातून काहीही कळणार नाही. सेकंदाला ५० ते १०० नोंदी हव्यात. मात्र एकाच चुंबकावर २,४०० फेऱ्यांना सेकंदाला फक्त ४० स्पंद येतात. अशा ठिकाणी १०० नोंदी घेतल्या तर निम्म्याहून अधिक नुसत्या पुनरावृत्ती असतील.

६. दुसऱ्या यंत्राने पडताळा

ही पायरी गाळणाऱ्याने आधीच्या सगळ्या पायऱ्या गाळल्या असे समजावे. क्रँक पुलीच्या तोंडावर परावर्तक पट्टीचा एकच छोटा तुकडा चिकटवावा आणि बाकीचा चकाकणारा भाग काळ्या रंगाने झाकावा, नाहीतर चमक दोनदा मोजली जाते. मग ऑप्टिकल टॅकोमीटरने मंद आयडल, मधला वेग आणि बिनलोड कमाल अशा तीन ठिकाणी मोजून मीटरशी तुलना करावी. फरक तिन्ही ठिकाणी एकाच टक्केवारीत असेल तर गुणक चुकला आहे. फरक फक्त वरच्या वेगाला असेल तर पट्टा घसरतो आहे किंवा सेन्सर स्पंद गमावतो आहे.

क्रँक पुलीपर्यंत प्रकाश पोहोचत नसेल तर पीटीओ शाफ्ट (ट्रॅक्टरची अवजारे फिरवणारा दांडा) वापरता येतो. पुस्तिकेत पीटीओचे ५४० फेरे इंजिनाच्या किती फेऱ्यांना मिळतात ते दिलेले असते. ते २,१०० ला मिळत असतील तर गुणोत्तर ३.८९ होते, आणि पीटीओवर ६५० मोजले तर इंजिन सुमारे २,५२८ वर आहे. काही अधिकारी असेच मोजतात, म्हणून आपले गुणोत्तर पाठ असलेले बरे. मोजताना पीटीओला काही जोडलेले नसावे, कपडे सैल नसावेत, आणि इंजिन कमाल वेगावर असताना फ्लायव्हील आणि टर्बो यांच्या फिरण्याच्या रेषेत कोणीही उभे राहू नये.

बिनलोड कमाल फेरे मर्यादेच्या अगदी टोकाला लावण्याचा मोह टाळावा. लोड एकदम सुटला, म्हणजे टायर उखडले किंवा हुकची साखळी निसटली, की यांत्रिक गव्हर्नरला डिझेल आवरायला क्षणभर लागतो आणि तेवढ्या वेळात इंजिन स्वतःच्या बिनलोड वेगाच्याही वर उसळते. माझ्या नोंदींत ही उसळी ६० ते ७० फेऱ्यांची आढळली आहे. नियम शिखराला लागू असेल तर २,६०० च्या वर्गात २,५९० लावणारा स्वतःहून बाद होण्याची वाट पाहत असतो. मी २,५२० वर ठेवतो.

७. चालकासमोर कमीत कमी ठेवा

ओढीच्या वेळी डायल वाचायला सवड नसते. पुढची चाके उचललेली असतात, डोळे रेषेवर असतात आणि हात थ्रॉटलवर. म्हणून डायल कुठेही बसवावा, पण दिवा नजरेच्या रेषेत हवा. मी दोन दिवे लावले आहेत, एक वरच्या मर्यादेचा आणि दुसरा खालचा, इंजिन ज्या वेगाखाली टर्बोचा दाब टिकवू शकत नाही त्याचा. व्यवहारात दुसराच अधिक उपयोगी पडला.

८. इंजिन सुटले तर काय, हे आधी ठरवा

डिझेल इंजिनाची किल्ली फक्त डिझेल बंद करते. टर्बोच्या सीलमधून ऑइल हवेच्या मार्गात शिरले तर इंजिन त्या ऑइलवर चालू लागते, गव्हर्नरचा त्याच्यावर ताबा राहत नाही आणि फेरे वाढतच जातात. अशा वेळी हवा तोडणे हाच खात्रीचा उपाय असतो. म्हणूनच पुलिंगच्या नियमावल्यांत डिझेलसाठी हवा बंद करणारी झडप मागितली जाते. तिची दोरी मागे स्लेडला जोडलेली असते, म्हणजे ट्रॅक्टर स्लेडपासून सुटला की इंजिन आपोआप बंद होते.

फेऱ्यांचा संकेत मिळत असल्यामुळे याच झडपेला स्वयंचलित ओव्हरस्पीड रिले जोडता येतो. तो बिनलोड कमाल वेगाच्या साधारण १० ते १५ टक्के वर लावावा, फार जवळ लावला तर साध्या उसळीने ओढ मध्येच तुटेल. त्याची चाचणी पूर्ण वेगावर करू नये. रिलेचा आकडा तात्पुरता १,२०० वर आणून झडप पडते का पाहावे आणि मग आकडा पूर्ववत करावा. पूर्ववत केल्याची नोंद वहीत करावी. ती न केल्यामुळे सुरुवातीच्या रेषेवरच इंजिन बंद पडलेला चालक मी पाहिला आहे आणि हसू येतानाच त्याची दयाही आली होती. दोरीने पडणारी हाताची झडप मात्र या रिलेवर अवलंबून ठेवू नये. सेन्सरची वायर तुटली की रिलेच्या दृष्टीने इंजिन बंदच असते.

९. ओढ झाल्यावर नोंद वाचा

युरोपात पूर्ण ओढ १०० मीटरची, अमेरिकेत बहुधा ३०० फुटांची. ट्रॅक्टर पुढे जातो तसतशी स्लेडवरची वजनाची पेटी पुढे सरकते आणि ओढ जड होत जाते, त्यामुळे फेऱ्यांच्या आलेखाला एक ठरावीक घाट असतो. माझ्या एका बऱ्यापैकी ओढीचा आलेख असा होता: रेषेवर २,५२०, क्लच सोडताच अर्ध्या सेकंदात २,१५०, टर्बोचा दाब आल्यावर पुन्हा २,३८०, मग ६० मीटरपर्यंत जवळजवळ सपाट, पुढे हळूहळू उतार, आणि १,८०० च्या खाली गेल्यावर कड्यावरून पडावे तशी घसरण. तो १,८०० चा आकडाच माझ्या दुसऱ्या दिव्याचा आकडा झाला. इंजिन त्याच्याखाली गेले की हवा कमी, हवा कमी म्हणून जोर कमी, आणि जोर कमी म्हणून फेरे आणखी कमी. या दुष्टचक्रातून ते ओढीदरम्यान परत येत नाही.

फेऱ्यांच्या सोबत जमिनीवरचा वेग नोंदला तर आलेख खऱ्या अर्थाने बोलू लागतो. सेकंदाला दहा नोंदी घेणारा जीपीएस त्याला पुरतो. गणित साधे आहे. इंजिनापासून चाकापर्यंत एकूण गुणोत्तर ४० आणि टायरचा चालता परीघ ५.४ मीटर धरला, तर २,४०० फेऱ्यांना चाक मिनिटाला ६० वेळा फिरते आणि न घसरता ताशी १९.४ किलोमीटर वेग मिळायला हवा. जीपीएस १५.५ दाखवत असेल तर सुमारे २० टक्के घसरण चालू आहे.

आता फेरे सपाट राहून जमिनीवरचा वेग उतरत असेल तर इंजिनात ताकद शिल्लक आहे आणि टायर ती जमिनीला देत नाहीत. अशा वेळी वजनाची मांडणी, हुकची उंची आणि टायरची हवा पाहावी, डिझेल पंपाला हात लावू नये. फेरे आणि वेग दोन्ही एकाच प्रमाणात उतरत असतील तर पकड ठीक आहे आणि इंजिन कमी पडते आहे. खालचा गिअर हा त्यावर सर्वांत स्वस्त इलाज. तिसरा प्रकार फसवा आहे: फेरे एकाएकी वर जातात आणि वेग खाली येतो. टायर उखडले तरी असेच दिसते आणि क्लच घसरला तरी असेच. दोन्हींत फरक करायचा तर मागच्या चाकाला किंवा गिअरबॉक्सच्या पुढच्या शाफ्टला आणखी एक सेन्सर लागतो. तो नसेल तर ओढ संपताच उतरून क्लच हाउसिंगजवळ नाक न्यावे. जळक्या प्लेटचा वास लपत नाही.

नोंद उतरवून घेण्यापूर्वी लॉगरचा वीजपुरवठा तोडू नये, आणि मीटरवरचे शिखर वहीत लिहिल्याशिवाय रीसेट करू नये. वहीत तारीख, मातीची स्थिती, गिअर, टायरची हवा, वजनांची जागा, सुरुवातीचे फेरे, शिखर आणि सर्वांत खालचा आकडा एवढे असले की दहा ओढींनंतर ती वही कोणत्याही सल्लागारापेक्षा अधिक कामाची होते. त्याच पानावर मी ट्रॅक्टरमध्ये केलेले बदलही लिहितो, कारण पट्टा, पुली, अल्टरनेटर, सेन्सर, चुंबकांची चकती, फ्लायव्हील किंवा खुद्द मीटर, यांपैकी काहीही बदलले की सहावी पायरी पुन्हा करावी लागते. त्या बाद झालेल्या ओढीच्या पानावर ‘अल्टरनेटर नवा’ एवढेच दोन शब्द आहेत, आणि त्यांच्यापुढे पुलीचा व्यास नंतर वेगळ्या शाईने लिहिलेला आहे.